तळ्यातील मासळीची विरळणी : अंबड परिसरातील एका सेवेचे परीक्षण

खाजगी तळ्यातील मासे मोजून, त्यांतले नेमके कोणते काढायचे हे ठरवून, तेवढेच काढून देणारी एक सेवा जालना जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी या तालुक्यांत काही वर्षांपासून मिळू लागली आहे. तिचा फलक कुठे लागलेला नाही आणि तिला कंपनीसारखे नावही नाही. उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातून पदवी घेतलेला एक तरुण आणि गोदाकाठच्या एका भोई कुटुंबातील जाळेवाले असे मिळून ती चालवतात. तळेमालकांमध्ये ‘मोजणीवाले’ एवढे म्हटले तरी कोणाबद्दल बोलणे चालले आहे ते कळते. आमच्या भावकीच्या सामाईक तळ्यासाठी ही सेवा आम्ही काही हंगाम घेत आलो आहोत. या भागात तळी पुष्कळ झाली, त्यांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्ले, सोडणारेही पुष्कळ झाले, पण तळ्यातून मासा काढायचा कसा आणि कोणता, याविषयी मराठीत फारच थोडे लिहिले जाते. म्हणून हे परीक्षण थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आधी तळ्याविषयी. ही मुरमाची जुनी खदान आहे. पावसाळ्यात शेजारच्या नाल्याचे पाणी तिच्यात शिरते आणि दिवाळीच्या सुमारास ती काठोकाठ भरलेली असते, तेव्हा पाण्याचा पसारा सुमारे दोन एकर असतो. याच पाण्यावर आमची मोसंबी उभी आहे, त्यामुळे फेब्रुवारीपासून मोटार चालू होते आणि पाणी झपाट्याने उतरू लागते. तळ्यात कटला आणि रोहू आम्ही सोडलेले आहेत. मरळ ही शिकारी मासळी नाल्यावाटे आपोआप आली. आणि तिलापिया कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही, कारण १९५२ मध्ये भारतात आणलेली ही मासळी आता न सोडताही सर्वत्र सापडते. आमचा हेतू बाजारासाठी उत्पादन घेण्याचा नव्हता. शेतात एक तळे असावे, त्यात खरोखर मोठी मरळ असावी, सुट्टीच्या दिवशी घरातल्या माणसांनी आणि जालना, छत्रपती संभाजीनगरहून येणाऱ्या हौशी गळवाल्यांनी ती गळाला लावावी, पाहावी आणि पुन्हा पाण्यात सोडावी, अशी ती हौस होती.

ती मोठी मरळ मात्र तळ्यात नव्हती. मरळी भरपूर होत्या, गळ टाकला की लागत होत्या, पण साऱ्या हातभर लांबीच्या, मोठ्या डोक्याच्या आणि बारीक अंगाच्या. वर्ष उलटले तरी त्यांच्यात फरक पडत नव्हता. गावातले जाणकार सांगत, मासा काढू नका, राहू द्या, आपोआप वाढेल. हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि बहुतेक तळ्यांचे नुकसान त्यानेच होते. बाजरी उगवून आली की आपण विरळणी करतो. दाट राहिलेल्या बाजरीला कणसे लागतात, पण ती बोटाएवढी. तळ्याच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी एकही मासा काढायला तयार होत नाही, कारण पाण्याखालची दाटी त्याला दिसत नाही.

ज्या शास्त्राच्या आधारे ही मंडळी काम करतात ते मुख्यतः अमेरिकेत घडले आहे आणि त्यातला मासा वेगळा आहे. लार्जमाउथ बास हा तिकडच्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा आणि ब्लूगिल हे त्याचे भक्ष्य, अशी जोडी तिथल्या हजारो खाजगी तळ्यांत असते. अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून अशा तळ्यांवर काम केले आणि शिकारी मासा व भक्ष्य मासा यांचे वजनी प्रमाण बिघडले की तळे कसे बिघडते, हे आकड्यांनिशी मांडले. पुढे तिथल्या हौशी मासेमारांमध्ये पकडलेला बास परत सोडण्याची पद्धत इतकी रुजली की अनेक तळ्यांत मधल्या आकाराच्या उपाशी माशांची गर्दी झाली, आणि मग सल्लागारांना उलटे सांगण्याची वेळ आली की सगळे सोडू नका, लहान मासे काढा. एक पौंड वजन वाढवण्यासाठी बासला साधारण दहा पौंड मासे खावे लागतात, असा ढोबळ हिशेब तिथे धरतात. आणि पाण्याच्या सुपीकतेनुसार एकरी सुमारे १० ते २५ पौंड, म्हणजे साडेचार ते अकरा किलो बास दरवर्षी काढावा, असे सर्वसाधारणपणे सुचवले जाते. टेक्सास राज्याने तर १९८६ पासून १३ पौंड म्हणजे सुमारे ५.९ किलोच्या वरच्या बास माद्यांपासून पैदास करण्याचा स्वतंत्र कार्यक्रम चालवला आहे. बासचा जागतिक विक्रम १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात आणि त्याच्या बरोबरीचा २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात नोंदला गेला. दोन्ही मासे दहा किलोंच्या किंचित वर होते.

हे सगळे मोजणीवाल्या तरुणाने पहिल्याच भेटीत आम्हाला समजावून सांगितले आणि त्याचबरोबर स्पष्ट केले की बास आपल्याकडे आणण्याचा विचारही मनात आणू नये. जपानमध्ये बाहेरून आलेल्या या माशाने स्थानिक मासळीची एवढी हानी केली की बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तिथे पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास २००३ पासून मनाई आहे. आपल्याला त्यातले फक्त गणित घ्यायचे, मासा आपलाच ठेवायचा. आपल्या तळ्यात मरळ ही शिकारी आणि तिलापियाची पिल्ले, झिंगे व लहान देशी मासे हे तिचे खाद्य, अशी जोडी आधीच तयार आहे. आमचे एक नातेवाईक लवकर वाढतो म्हणून मांगूर सोडायच्या मागे होते. आफ्रिकन मांगुरावर देशात बंदी आहे, तो ज्या पाण्यात सोडाल तिथे आमचे काम बंद, असे या माणसांनी तोंडावर सांगितले. सेवा देणाऱ्याने गिऱ्हाईक गमावण्याची तयारी ठेवून असा नकार द्यावा, हे मला फार मोलाचे वाटले.

आता प्रत्यक्ष मोजणीविषयी, कारण या सेवेचा खरा दर्जा तिथे कळतो. ही माणसे थंडीच्या दिवसांत, उजाडता उजाडता येतात. पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो, म्हणून आल्या आल्या जाळे टाकत नाहीत. आधी मीटर पाण्यात सोडून वाचन घेतात आणि ते प्रतिलिटर पाच मिलिग्रॅमच्या वर गेले की मगच काम सुरू करतात. काठावर ओले गोणपाट अंथरलेले असते, त्याच्या बाजूला पाण्याने भरलेली दोन टोपली आणि मधोमध एक लाकडी पन्हळ, जिच्या तळाला सेंटिमीटरची पट्टी ठोकलेली आहे. मासा हात ओले करूनच उचलायचा, तोंड पन्हळीच्या बंद टोकाला टेकवायचे, शेपटी जुळवून लांबी वाचायची, मग ओल्या कापडी झोळीत घालून काट्याला लावायचा. झोळीचे वजन आधीच वजा केलेले असते. एक जण आकडा मोठ्याने म्हणतो, वहीवाला तो पुन्हा म्हणून लिहितो, आणि मासा एकतर शेपटीच्या परावर छोटीशी खूण करून पाण्यात जातो किंवा बाजूच्या टोपल्यात. कटल्याला मात्र ते असे हाताळत नाहीत. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते म्हणून ही उठाठेव सहन करते, कटला करत नाही. त्याचे खवले निघाले किंवा तो दोन मिनिटे जादा बाहेर राहिला तर सोडल्यावर दुसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगतो. त्यामुळे कटला जाळ्यातच पाण्यात ठेवून नजरेने आणि मोजपट्टीने पाहतात व लगेच सोडतात.

मोजलेल्या आकड्यांचा उपयोग पुढे होतो. माशाचे ग्रॅममधले वजन शंभराने गुणून त्याला सेंटिमीटरमधल्या लांबीच्या घनाने भागले की मासा किती भरलेला आहे याचा अंक मिळतो. आमच्या तळ्यातली ४५ सेंटिमीटरची एक मरळ ६०० ग्रॅम भरली, म्हणजे अंक आला ०.६६. त्याच लांबीची, शेजारच्या गावातल्या कमी दाटीच्या तळ्यातली मरळ ८५० ग्रॅमची होती, म्हणजे ०.९३. अमेरिकेत बाससाठी १९७८ पासून प्रत्येक लांबीला अपेक्षित वजनाशी तुलना करण्याची पद्धत रूढ आहे. मरळीसाठी मोजणीवाले शेजारपाजारच्या तळ्यांतले आपलेच आकडे जमवून तुलना करतात. हे मला प्रामाणिक वाटले, कारण परक्या माशाचे कोष्टक आपल्या माशाला लावण्याचा मोह सोपा आहे.

मरळी किती आहेत हे काढण्याची रीत तर ऐकण्यासारखी आहे. पहिल्या खेपेला ४० मरळींना खूण करून सोडले. पुढच्या खेपेला ३० मरळी पकडल्या, त्यांत खुणेच्या सहा निघाल्या. म्हणजे पाचातली एक खुणेची. आणि खुणेच्या एकूण ४०, म्हणून तळ्यात अंदाजे २००. सरासरी अर्धा किलो धरली तर १०० किलो मरळ. काठाच्या उथळ पाण्यात बारीक आसाचे, म्हणजे बारीक छिद्रांचे, जाळे ओढून पाहिले तेव्हा तिलापिया सापडली ती तळहाताहून मोठी, म्हणजे या मरळींच्या तोंडात न मावणारी. बोटभर पिल्ले जवळजवळ नव्हतीच. एवढ्या तपासणीवर निदान झाले. २०० मरळींनी प्रत्येकी अर्धा किलो वाढायचे म्हटले तर १०० किलो वाढ हवी, आणि बासचा हिशेब ढोबळमानाने लावला तरी त्यासाठी एक टन लहान मासे लागतील. दोन एकरांच्या खदानीत ते कुठून येणार? मरळी मिळतील तेवढी पिल्ले खाऊन फक्त जिवंत राहत होत्या.

इथे माझी एक तक्रार आहे आणि ती मी त्यांनाही सांगितली आहे. २०० हा आकडा अहवालात ठामपणे छापलेला होता. खुणेच्या सहाऐवजी चार मरळी हाती लागल्या असत्या तर तोच हिशेब ३०० वर गेला असता. इतक्या थोड्या माशांवर काढलेला अंदाज केवढा हलू शकतो, हे तळेमालकाला लिहून देणे हे अशा सेवेचे कर्तव्य आहे. तोंडी विचारले तेव्हा त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. परंतु अहवालाचा नमुना अजून तोच आहे, आणि तोही निम्मा इंग्रजीत, जो आमच्या घरातल्या वडील माणसांना वाचता येत नाही.

या सेवेची खरी किंमत मला कळली ती पहिल्या आराखड्यावरच्या चर्चेत. तरुणाने पाण्याचा पसारा दोन एकर धरला होता, एकरी आठ किलो मरळ काढायची ठरवली होती आणि वर्षाचा आकडा १६ किलो लिहिला होता. जाळेवाल्यांमधले वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते इतका वेळ काठावर बसून जाळ्याचे फाटलेले आस सांधत होते. त्यांनी विचारले, “मालक, हे पाणी उन्हाळ्यात कुठवर येतं?” आमच्या थोरल्या बंधूंनी खदानीतला एक काळा दगड दाखवला. मामा म्हणाले, “मग दिवाळीचं पाणी मोजू नका. अक्षय्य तृतीयेचं मोजा. मासळीला तेवढंच घर हाय.”

त्या दगडापर्यंतचा पसारा मोजला तेव्हा तो ३० गुंठे भरला. दिवाळीत ८० गुंठ्यांत पसरलेली १०० किलो मरळ वैशाखात ३० गुंठ्यांत कोंबली जाते. एकरी ५० किलोचे एकरी सव्वाशेच्या वर होतात, आणि तेही ज्या काळात पाणी तापलेले असते, उघड्या पाण्यातून दिवसाला साधारण एक सेंटिमीटर वाफ होऊन जाते, मोटार चालू असते आणि वळवाच्या आधीच्या ढगाळ, कोंदट रात्रीनंतर पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात, त्या काळात. अमेरिकेतली तळी बहुधा वर्षभर सारखी भरलेली असतात, म्हणून तिथले कोष्टक एकरावर थांबते. मराठवाड्यात एकर हा बदलता आकडा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तो उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. परंतु मासेपालनाच्या पुस्तिकांत आणि योजनांच्या पत्रकांत अजूनही पूर्ण भरलेल्या तळ्याचाच हिशेब दिलेला असतो.

तरुणाने मामांचे म्हणणे तिथल्या तिथे उचलले. आराखडा फाडला, ३० गुंठे धरून नवा केला आणि पहिल्या हिवाळ्यात १६ ऐवजी ४५ किलो मरळ काढायचे ठरले. कोणती काढायची हेही नेमके लिहिले : ३० ते ४५ सेंटिमीटरमधली, आणि त्यातही ज्यांचा भरीवपणाचा अंक ०.७५ च्या खाली आहे अशी. ५५ सेंटिमीटरच्या वरची एकही काढायची नाही आणि कोणत्याही लांबीची अंगाने भरलेली मरळ काढायची नाही, कारण जी दाटीतही भरली ती पुढे सर्वांत मोठी होण्याची शक्यता अधिक. शिकलेल्या माणसाने जाळेवाल्याचे ऐकून आपला कागद बदलावा आणि जाळेवाल्याने त्या कागदातला अंक मानून हातातला मासा परत सोडावा, हे दोन्ही एकाच काठावर घडताना मी पाहिले. अशी जोडी सहसा जमत नाही, आणि पैसे देण्यासारखी गोष्ट तीच आहे.

काढण्याच्या पद्धतीतही विचार आहे. मरळ ओढजाळ्याला दाद देत नाही. जाळे जवळ आले की ती चिखलात घुसते किंवा वरून उडी मारून पार होते. म्हणून ही माणसे ओढजाळे फक्त तिलापिया पाहण्यापुरते वापरतात, आणि मरळीसाठी गळांची लांब दोरी लावतात, जिच्यावर ठरावीक अंतराने आमिष लावलेले गळ असतात. गळाला लागलेली मरळ मोजून निवडता येते, हा तिचा फायदा. ज्या भागात बारीक मरळीच अधिक असतात त्या उथळ कोपऱ्यात ते फासजाळेही लावतात, आणि त्याचा आस असा निवडतात की हातभर मरळ अडकावी आणि मांडीएवढी जाड मरळ आत शिरूच नये. आस अर्ध्या बोटाने चुकला तर वेगळाच मासा हाती येतो, हे मामांनी जाळे बोटांवर ताणून दाखवले.

याच फासजाळ्यामुळे आमचे एक नुकसानही झाले. एकदा मामा आले नव्हते आणि पोरांनी जाळे रात्रभर तसेच ठेवले. सकाळी त्यात एक मोठा कटला मरून पडलेला होता, जो तळ्यातल्या सर्वांत जुन्या माशांपैकी असावा. मोजणीवाल्यांनी त्याची भरपाई देऊ केली आणि त्यानंतर फासजाळे दर दोन तासांनी पाहायचे व रात्री काढून घ्यायचे, असे लेखी दिले. त्यांनी शब्द पाळला आहे. तरीही ज्यांच्या तळ्यात जपलेले जुने कटले-रोहू असतील त्यांनी फासजाळ्याला परवानगीच देऊ नये, गळांवर भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. थोडा वेळ जास्त लागतो, एवढेच.

पावसाळ्यातली विरळणी मला सर्वांत अधिक आवडली, कारण ती सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी जिवावरची आहे. मरळ पावसाळ्यात काठाच्या गवतात अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. पिल्ले तांबूस-नारिंगी असतात आणि शेकड्यांनी एकत्र फिरतात. स्थिर पाण्यात एक जागा अचानक तांबडी होते, उकळी फुटल्यासारखी वर येते, पिल्ले श्वास घेऊन खाली जातात आणि हातभर पलीकडे पुन्हा तोच डाग उगवतो. त्याच्या खाली आईबाप फिरत असतात. असे तीन थवे तळ्यात असतील तर मोजणीवाले दोन थवे बारीक कापडाच्या झोळीने अलगद उचलतात आणि ज्यांना मरळीचे बीज हवे आहे अशा तळेवाल्यांना देतात. राखण करणाऱ्या मोठ्या मरळीला हात लावत नाहीत. पुढे हातभर वाढून उपाशी राहणारी मासळी पहिल्याच महिन्यात तळ्याबाहेर गेली की हिवाळ्यातले निम्मे काम वाचते. बीजाच्या विक्रीतले पैसे निम्मे-निम्मे होतात आणि त्याचा हिशेब त्यांनी नेहमी वेळेवर दिला आहे.

काढलेल्या मरळीच्या विक्रीबाबत मात्र मी समाधानी नाही. मरळ जिवंत विकली जाते आणि तिला रोहू-कटल्यापेक्षा बराच चढा भाव मिळतो. व्यापारी मोजणीवाल्यांच्या ओळखीचा असतो, भाव तोच सांगतो, आणि तळ्यावर मोजलेले वजन व व्यापाऱ्याच्या हिशेबपट्टीवर लिहिलेले वजन यांत दर वेळी काही किलोंची तफावत येते. पाणी निथळल्यामुळे थोडी घट होते हे मान्य. पण घट किती धरायची हे आधी ठरलेले असावे. आता आम्ही विक्री स्वतः करतो आणि त्यांना फक्त कामाचे पैसे देतो. नव्याने सेवा घेणाऱ्यांनीही सुरुवातीपासून असेच करावे.

दुसरी उणीव खुणांची. शेपटीच्या परावर केलेली खूण काही महिन्यांत भरून येते, त्यामुळे यंदा पकडलेली मरळ गेल्या वर्षी मोजलेलीच का, हे खात्रीने सांगता येत नाही. अंगात बसवायच्या क्रमांकाच्या चिपा मिळतात, पण त्या वाचणारे यंत्र महाग पडते. निदान मोजक्या मोठ्या मरळींसाठी तरी त्यांनी ही सोय करावी, आम्ही वेगळे पैसे द्यायला तयार आहोत.

परिणामाबद्दल बोलायचे तर तो दिसला, पण लगेच नव्हे. पहिल्या उन्हाळ्यानंतर मोठा बदल जाणवला तो तिलापियात. काठाला बोटभर पिल्ले दिसू लागली, जी आधी दिसतच नव्हती. दुसऱ्या हिवाळ्यात ४५ सेंटिमीटरच्या मरळी ८०० ग्रॅमच्या आसपास भरू लागल्या. आज तळ्यात दोन किलोंच्या वरच्या मरळी आहेत, आणि गेल्या थंडीत मोजलेली सर्वांत मोठी ६२ सेंटिमीटर लांब व २ किलो ३०० ग्रॅमची होती. पोटाखालून हात घातला तर बोटे एकमेकांना लागत नव्हती. तिला पाण्यात सोडताना मामांनी तिचे डोके खोल पाण्याकडे धरून ती स्वतः निघेपर्यंत हात हलवला नाही. दुसरा फायदा आम्ही धरलेलाच नव्हता : वैशाखातल्या पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडण्याचे प्रकार कमी झाले. यात पावसाचाही वाटा असेल, कारण मधले पावसाळे बरे झाले. तरी उन्हाळ्यात तळ्यात मासळीचे वजनच कमी असल्याचा उपयोग झाला, असे मला वाटते.

ही सेवा कोणी घ्यावी? ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आल्यापासून आपल्याकडे ३० बाय ३० मीटरची शेततळी खूप झाली. जालना जिल्ह्यातल्याच कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांवर द्राक्षे उभी करून दाखवली. परंतु अशा तळ्याचा पसारा जेमतेम नऊ गुंठे असतो आणि उन्हाळ्यात त्याचा तळ दिसतो. प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यात मरळीला लपायला गवत नाही, अंडी घालायला उथळ काठ नाही. तिथे मोठा मासा घडवण्याच्या नादी लागू नये. बोटुकली सोडावी, आठ-दहा महिन्यांत काढावी आणि विकावी. मोजणीवालेही अशा तळ्यांना हेच सांगून फी न घेता परत जातात. ज्यांच्याकडे जुनी खदान, मोठा मातीचा तलाव किंवा वैशाखातही किमान अर्धा एकर आणि सहा-सात फूट पाणी टिकते अशी जागा आहे, त्यांनीच यात पैसे घालावेत.

दर ठरलेला नाही. पाण्याचा पसारा पाहून ते सांगतात. आमच्या तळ्याला पहिल्या मोजणीचे ७,००० रुपये पडले आणि नंतरच्या प्रत्येक खेपेला त्याहून कमी. डिझेल वेगळे, आणि जाळेवाल्यांचे सकाळचे जेवण तळेमालकाकडे, असा रिवाज आहे. बोलावणे पाठवायचे ते दिवाळी आटोपताच, कारण मार्गशीर्षात त्यांच्याकडे गर्दी होते आणि एका वर्षी आमची पाळी लांबत फाल्गुनात गेली तेव्हा ऊन वाढल्यामुळे त्यांनी जाळे न टाकताच काम पुढच्या थंडीवर ढकलले. तोपर्यंत उन्हाळ्यातला काळा दगड, किंवा तुमच्या तळ्यात जी खूण असेल ती, त्यांना आधीच दाखवून ठेवावी, आणि अहवालात पाण्याचा पसारा दोन वेळा, दिवाळीचा आणि वैशाखाचा असा वेगवेगळा लिहून घ्यावा. त्यांच्या छापील नमुन्यात दुसऱ्या आकड्याला अजून रकाना नाही, तो समासात हाताने लिहून घ्यावा लागतो.